डावीकडे दिलेली तीन पानं

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या डावात साईनाथने बायकोला इस्पिकची दुर्री, पंजी आणि सत्ती दिली तेव्हा रंभाला वाटलं, तो चेष्टा करतोय.

धसईत बाजाराच्या मागच्या आळीत साईनाथच्या ओट्यावर रोज जेवणं झाली की पत्ते पडायचे. साईनाथची मुरबाड-धसई पॅसेंजर जीप होती. दुपारची फेरी करून तो घरी यायचा आणि चारच्या सुमाराला पुन्हा निघायचा. मधल्या वेळात चौघं बसत. साईनाथ, त्याच्या डावीकडे रंभा, समोर त्याची थोरली बहीण कमळ, आणि उजवीकडे भातगिरणीवाला अनंता. कमळ विधवा होती आणि शेजारच्याच घरात राहायची. चौघांच्या जागा ठरलेल्या होत्या.

खेळ बदाम सातचा नव्हता. मुलगी कुणाली मुरबाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तेव्हा तिला आणायला गेलेल्या साईनाथने तो तिथल्या पडद्यावर पाहिला आणि घरी आणला. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. आळीत त्याला ‘राणी’ म्हणत. यात हात करायचे नसतात, टाळायचे असतात. ओढलेल्या हातातल्या प्रत्येक बदामाचा एक गुण अंगावर बसतो आणि इस्पिकच्या राणीचे एकटीचे तेरा. ज्याच्या अंगावर कमी तो जिंकला. आणि डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्याला नको असलेली तीन पानं शेजाऱ्याला पालथी द्यायची.

क्लासमधल्या खेळात ही पानं एका डावाला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे, नंतर समोर जात. साईनाथने डावीकडचं तेवढं लक्षात ठेवलं. कुणालीने चूक सांगेपर्यंत सगळ्यांना सवय झाली होती. त्यामुळे इतकी वर्षं साईनाथची पानं रंभालाच जात, रंभाची कमळला, कमळची अनंताला आणि अनंताची साईनाथला. कोण काय देतो हे फक्त घेणाऱ्याला ठाऊक.

कमळ मोठे बदाम द्यायची. तिला बदामाची धास्ती होती. अनंता एका रंगाची तिन्ही पानं देऊन तो रंग हातातून संपवायचा, म्हणजे पुढे त्या रंगाची उतारी झाली की वाटेल ते टाकायला मोकळा. साईनाथचा नियम सगळ्यांना पाठ होता, कारण त्यानेच तो शिकवला होता. लहान इस्पिक कधी द्यायचं नाही. राणी आपल्याकडे असेल आणि सोबत चार बारकी इस्पिकं असतील, तर राणीही द्यायची नाही. इस्पिकची उतारी झाली की बारकी टाकत राहायची आणि राणीला जपून ठेवायची. राणी आपल्याकडे असली की ती कुठे आहे हे तरी माहीत असतं. पण बारकी देऊन टाकली आणि राणी एकटी उरली, तर पहिल्याच इस्पिकच्या हाताला ती खाली येते आणि तेरा आपल्याच अंगावर.

त्या दुपारी तसंच झालं. रंभाला दिलेल्या तीन पानांमागे राणी एकटी उरली होती. कमळने इस्पिकची नव्वी उतारली, साईनाथने राणी टाकली आणि हात ओढला. तो राणीकडे बघत राहिला. मग हसला. रंभाही हसली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन बारकी इस्पिकं आली. नंतर तीन. मधूनच एखाद्या दिवशी त्याची पानं अगदी जुन्या पद्धतीची असत आणि रंभाला वाटे, गेलं ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्पिकची दुर्री.

तिने एक उपाय काढला. त्याच्याकडून बारकी इस्पिकं आली की राणी कुठे असणार हे तिला कळायचं. हातात इस्पिकचा एक्का किंवा राजा असेल तर ती पहिली संधी साधून तो उतारायची. मग साईनाथची एकटी राणी तिच्या एक्क्याखाली यायची आणि तेरा गुण रंभाच्या अंगावर बसायचे. तो सुटायचा. बाकीच्यांना एवढंच दिसायचं की रंभाने एक्का वाया घालवला.

“रंभे, एक्का असा फेकतात का? राणी बाहेर असताना?” साईनाथ म्हणायचा.

“चुकलं.”

“रोजच चुकतंय तुझं. बारकं टाकायचं आणि वाट बघायची. किती येळा सांगितलं.”

“बदाम घालून दूध पाज तिला,” अनंता म्हणायचा. “पत्त्यातले नको, खरे.”

कमळ पानं गोळा करता करता म्हणायची, “तिचं वय झालं रे. आता तिला चूल येवढीच ठेवा.”

रंभा हसून घ्यायची. नवऱ्याचं डोकं शाबूत आहे आणि आपलं गेलंय, असं आळीने मानलं तर तिला चालणार होतं.

तिला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एका संध्याकाळी मुरबाडहून येताना साईनाथ धसईच्या फाट्याला वळलाच नाही. जीप भरलेली होती. तो सरळ वैशाखऱ्याच्या दिशेने निघाला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “मामा, घाटात नेता काय आमाला?” घरी येऊन त्याने स्वतःच ही गंमत सांगितली. सांगताना त्याचा हात टॉवेलच्या कडेशी सारखा चाळा करत होता. या रस्त्यावर त्याने लग्नाआधीपासून गाडी चालवली होती.

तेव्हापासून चारच्या फेरीला रंभा त्याच्या शेजारी बसू लागली. कधी भाजी विकायची असे, कधी मुरबाडला साडीला फॉल लावायचा असे. फाटा जवळ आला की ती सहज बोलल्यासारखं म्हणायची, “आला बघा फाटा.” तो वळायचा. सकाळच्या फेरीला मात्र तिला जाता येत नव्हतं. ती फेरी कॉलेजच्या मुलांची. त्या वेळी तिची भाकरी तव्यावर असायची आणि दोघं कुठे निघाले म्हणून कमळने विचारलंच असतं. जीप गेली की रंभा दार उघडं ठेवून काम करायची. रस्त्यावरून कोणी घाईने चालत आलं तरी ती हातातलं टाकून दारात यायची.

सांगायचं तर कुणाला? कमळला सांगणं म्हणजे बाजाराला सांगणं. साईनाथ सकाळी तोंड धुण्याआधी जीपची काच पुसायचा. गावात त्याला हाक मारायची तर गाडीच्याच नावाने मारत. ती गाडी काढून घेतली तर मागे काय उरेल, हे रंभाला दिसत नव्हतं. आणि अधूनमधून पानं नीट येत होती. त्या नीट दिवसांवर ती पुढचे दिवस काढायची.

पौषात म्हशाच्या जत्रेसाठी कुणाली आणि जावई प्रणय शहापूरहून दोन दिवस राहायला आले. दुपारी कमळने पत्ते काढले. रंभा बसायला निघाली तेव्हा कमळ म्हणाली, “तू वडे बघ गो. जावई आलाय, त्याला खेळू दे.”

“मी नंतर तळते, वन्सं.”

“रोज हरतेस, येक दिवस नाय हरलीस तर काय व्हनार हाय?”

प्रणय तोवर तिच्या जागेवर बसला होता. साईनाथच्या डावीकडे.

रंभा चुलीपाशी गेली, पण तेल तापत ठेवून दारातच उभी राहिली. पानं वाटून झाली. साईनाथने तीन पानं काढून जावयाकडे सरकवली. प्रणयने ती उचलली आणि मोठ्याने हसला.

“मामा, जावयाचा येवढा मान? तीन-तीन बारकी इस्पिकं.”

“दिल्यालं पान सांगायचं नसतं,” अनंता म्हणाला. मग त्याने साईनाथकडे बघितलं. “तू बारकी इस्पिकं दिलीस?”

“खेळ,” साईनाथ म्हणाला.

दुसऱ्याच हाताला प्रणयने त्यातलंच एक बारकं उतारलं. कमळने दश्शी टाकली, अनंताने अठ्ठी. साईनाथने राणी खाली ठेवली. त्याच्याकडे दुसरं इस्पिक नव्हतं.

“ही मला कोणी दिली?” त्याने विचारलं.

तो अनंताकडे वळला.

“अनंता, तू दिलीस.”

“मी किलवर दिलं तुला. तिन्ही किलवर. हातात असतील अजून, बघ.”

“राणी माझ्याकडं आली कशी मग?”

“वाटताना आली असेल, रे.”

“वाटताना आली असती तर मी ती येकटी ठेवली असती? मी?” साईनाथने पानं खाली टाकली. “इतकी वर्षं माझ्या ओट्यावर बसतोस आणि मला फसवतोस?”

अनंताचा चेहरा उतरला. तो उठायला लागला. कमळने त्याचा हात धरला. “जाव दे रे. खेळच हाय.”

“नाय, आक्का,” साईनाथ म्हणाला. “हिला विचारा. माझी पानं हिलाच जातात. रंभा, सांग यांना. मी कधी बारकं इस्पिक देतो काय?”

रंभाच्या हातात झारा होता. नाही म्हटलं असतं तर अनंता लबाड ठरून घरी गेला असता, आणि उद्या पहाटे जीप घाटात गेली असती. बचत गटाच्या बायकांना लेण्याद्रीला न्यायचं ठरलं होतं. माळशेज चढून पलीकडे, आणि अंधार पडायच्या बेताला तोच घाट उतरून परत. पुढच्या सीटवर कोण बसणार ते त्या बायकांनी आधीच ठरवलं होतं. रंभाला जागा नव्हती.

“देता,” ती म्हणाली.

“कधी?”

“दिवाळीपासनं. येकादा दिवस बरा जातो, मग पुन्ना देता. राणी तुमच्याकडंच ऱ्हाते.”

साईनाथ खाली पडलेल्या पानांकडे बघत होता. पत्त्यातलं त्याचं डोकं अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

“म्हनून तू एक्का टाकतेस,” तो म्हणाला.

“होय.”

“आणि गाडीत बसून फाटा आला म्हनून सांगतेस.”

“होय.”

“बाबा, तुमी आत चला,” कुणाली म्हणाली. त्याने ते ऐकलं नाही.

“सकाळच्या फेरीला कोण सांगतं?”

आत तेल जळल्याचा वास सुटला होता. कुणाली चुलीकडे धावली.

“सकाळी कॉलेजची पोरं असतात गाडीत,” साईनाथ म्हणाला. “दिवाळीपासनं तुला ठावं हाय, आणि तू मला पोरं भरून पाठवतेस.”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याने खिशातून जीपची चावी काढली आणि प्रणयच्या पुढ्यात, राणीच्या शेजारी ठेवली. मग घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. अनंता पत्ते न उचलताच गेला. बचत गटाला दुसरी गाडी करून देण्यात आली.

पुढे कल्याणला डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि कुणालीला बाजूला घेऊन हेही सांगितलं, की या गोळ्यांनी गेलेलं परत येत नाही. फार तर पुढचं जरा उशिरा जाईल. जीप प्रणयने शहापूरला नेली. साईनाथ घरी राहिला.

तो बाकी पुष्कळ विसरला, पण सकाळी जीप काढायची हे विसरला नाही. उठला की ओट्यावर येतो, अंगणातली रिकामी जागा बघतो आणि विचारतो, “गाडी कुठं गेली?”

पहिल्या दिवसांत रंभाने खोटं सांगून बघितलं. गाडी गॅरेजला दिलीय, संध्याकाळपर्यंत येईल. त्यावर तो धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. ऊन चढलं तरी हलला नाही. मुरबाडकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून गॅरेजवाल्याची चौकशी करू लागला. लोक थांबत, एकमेकांकडे बघत आणि पुढे जात. कमळ त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उन्हाने त्याला ताप भरला.

मग रंभाने खरं सांगायला सुरुवात केली. तुमाला आजार झालाय. फाटा चुकायला लागला होता. गाडी प्रणयकडं हाय. तो हे शांतपणे ऐकून घेतो. मग विचारतो, “कधीपासनं चुकत होतो?”

“दिवाळीपासनं.”

“तुला कधी कळलं?”

“तेव्हाच.”

तो हिशोब करतो. ते त्याच्या तोंडावर दिसतं, आणि रंभाला रोज वाटतं, आज त्याला तो जमू नये. पण तेवढा जमतो.

“आणि गाडीत पोरं होती?”

रंभा होय म्हणते. तिने एकदा नाही म्हणून बघितलं होतं, तेव्हा तो म्हणाला, “सकाळच्या फेरीला पोरं नसतील असं कसं व्हईल?”

त्याच्यासाठी ही गोष्ट रोज पहिल्यांदा घडते. बायकोने आपल्याला हे करू दिलं, हे त्याला रोज नव्याने कळतं आणि रोज तेवढंच लागतं. तो तिच्या हातचा चहा घेत नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. दुपारपर्यंत बोलत नाही. ती भाकऱ्या करते, धुणं धुते, आणि वाट बघते.

दुपारी कधीतरी तो उठून बसतो. राग कशाचा होता ते त्याला आठवत नाही. चहा झाला का, असं तो तिला विचारतो.