दावी आणि मॅडम

"वाच की. नव्या नवरीसारखी लाजतेस काय?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि बायका फिदीफिदी हसल्या.

आफी उभी राहिली. वय त्रेसष्ट, कांद्याच्या वाफ्यांना जन्मभर बादलीने पाणी घालून एक खांदा कायमचा झुकलेला. हातात वहीतून फाडलेलं पान. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पहिलंच पत्र होतं. समोर टेबलाशी अकोर्फा लोटसू बसली होती. चार वर्षं हिचं बोट धरून तिने एकेक अक्षर गिरवून घेतलं होतं. पत्र कुणाला असणार हे तिला ठाऊक होतं. ऐकताना आपला चेहरा फार खुललेला दिसू नये म्हणून ती मुद्दाम खिडकीबाहेर, खाडीकडे बघत राहिली.

"माझी दावी यायरा," आफी वाचू लागली. "मागच्या शनिवारी तुला ताप आला. तू आली नाहीस तर इथं करमेना. कडुलिंबाचा काढा घे. नाक दाब, पण घे. तुझ्यासाठी सुके मासे बाजूला काढून ठेवलेत. तुझी आफी."

बायकांनी टाळ्या पिटल्या. भिंतीशी कुणाचं तरी तान्हं कडेवर घेऊन उभी असलेली यायरा हसता हसता रडायला लागली. अकोर्फानेही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या थांबल्यावर.

दावी म्हणजे ताई. यायरा चौतिशीची, विद्यापीठाच्या ग्रंथालयात अकोर्फाच्या हाताखालची सहायक. आग्बेकोपे गावातल्या या वर्गाला यायला लागून तिला दोनच वर्षं झाली होती, आणि साठीच्या बायकासुद्धा तिला दावी म्हणत. अकोर्फाला अठरा वर्षं झाली होती. ती अजून मॅडमच होती.

कार्डं टाइप करायला अकोर्फा ग्रंथालयात लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. आता सत्तावन्नाव्या वर्षी सगळं ग्रंथालय तिच्या शब्दावर चालत होतं. एका पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं तेव्हा कमरेला कापड कसून तिने चार दिवसांत अकरा हजार पुस्तकं कोरड्या खोल्यांत हलवली होती, आणि एकही हरवलं नव्हतं. नवरा गेला त्या वर्षी कुणाच्या तरी अंत्यविधीसाठी ती या गावात आली. एका बाईने दवाखान्यातली चिठ्ठी तिच्यापुढे धरली आणि वाचून दाखव म्हणाली. दिवसातून एकदा द्यायचं औषध ती बाई लेकराला तीनदा पाजत होती. पुढच्या शनिवारी अकोर्फा पुस्तकांची पेटी घेऊन आली, आणि तेव्हापासून तिचा एकही शनिवार चुकला नाही. कुलगुरूंच्या मागे लागून तिने जुनी व्हॅन मिळवली. बायकांना वाचता येतील अशी पुस्तकं त्यांच्या एवे भाषेत सापडेनात, तेव्हा कांद्यांवर, मासे खारवण्यावर, औषधांच्या चिठ्ठ्यांवर तिने स्वतः लहान लहान पुस्तकं लिहिली.

तिचे नियम होते. हात धुऊन यायचं, बाकावर खायचं नाही, पानाचा कान मोडायचा नाही. बायका ते पाळत आणि तिच्यापुढे ताठ बसत. यायराने यातला एकही नियम मोडला नव्हता, पण ती अक्षरं गाण्यात शिकवायची, चुकलं की आधी स्वतः हसायची, आणि बायका हसत हसत बरोबर लिहायच्या.

परतताना व्हॅनमध्ये यायरा म्हणाली, "मॅडम, हे पत्र खरं तुमचंच आहे. शिकवलं तुम्ही. मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या."

"असं काही नाही," अकोर्फा म्हणाली.

यायरा नुसती गप्प बसली असती तर कदाचित निभावलं असतं. जिंकलेल्या माणसाने आपल्या ताटातला घास काढून द्यावा तसं अकोर्फाला ते वाटलं. घरी आल्यावर तिला मक्याच्या पिठाचं अक्पले आणि भेंडीचं कालवण गिळेना.

मग ती चुका शोधू लागली. एका पुस्तकावर तेलकट बोट उमटलेलं सापडलं, तेव्हा तिला बरंच वाटलं. यायरा दहा मिनिटं उशिरा आली ते तिने लक्षात ठेवलं. ग्रंथालयात विद्यार्थी यायराच्या टेबलाशी घोळका करून उभे दिसले की ती काचेच्या दारातून पाहत राही आणि हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते विसरून जाई. उत्तरेकडच्या शाखेला एक माणूस हवा असल्याचं पत्र दोन महिने तिच्या खणात पडून होतं. जायला एक तरुण कर्मचारी आपण होऊन तयार होता. एका मंगळवारी तिने ते पत्र काढलं आणि यायराचं नाव लिहिलं.

"माझं काही चुकलं का, मॅडम?" यायराने विचारलं.

"चुकायचा प्रश्न नाही. तिकडे गरज आहे." अकोर्फाने मान वर केली नाही.

यायराने कागद घडी करून घेतला. मग म्हणाली, "आफीला जरा वेळ द्या. घाई केली की ती घाबरते." आणि गेली.

पुढचे शनिवार अकोर्फाला हवे होते तसे गेले. बायका हात धुऊन आल्या, ताठ बसल्या, विचारलं तेवढंच बोलल्या. कुणी गायलं नाही. कुणी रागावलेलंही दिसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिसऱ्या शनिवारी आफी टेबलाशी आली.

"मॅडम, त्या गावाचं नाव लिहून द्या पाकिटावर. दावीला पत्र लिहिलंय. तुमच्या हापिसातून टाकाल का?"

अकोर्फाने वळणदार अक्षरात पत्ता लिहिला. पाकीट पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी ते टपालात गेलं नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारी तिने खोलीचं दार लावून घेतलं. पाकिटाची कड नीट चिकटलेली नव्हती. तेहतीस वर्षांच्या नोकरीत वाचकाची साधी चिठ्ठीसुद्धा तिने कधी उघडली नव्हती.

"माझी दावी यायरा. तू न सांगता गेलीस म्हणून मी खूप शिव्या दिल्या. इथं सगळ्या म्हणतात, मॅडमनी तुला घालवलं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तिकडे गरज होती. मॅडम कडक आहेत पण खोटं बोलत नाहीत. म्हणून मी मानलं आणि या बायांशी भांडले. तू बरी आहेस का?"

अकोर्फाने पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. मग कितीतरी वेळ ते पाकीट तळहाताने सरळ करत राहिली.

शुक्रवारी पहाटे ती उत्तरेच्या बसमध्ये बसली; अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा शनिवार चुकणार होता. तेरा तासांचा प्रवास. पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि यायरा शाखेच्या अंगणात आठ बायकांना पाटीवर काहीतरी लिहून दाखवत होती.

"मॅडम? इतक्या लांब? कुणाला काही झालं का?"

"हे आफीचं पत्र. मी उघडून वाचलंय." अकोर्फाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "आणि तुला गरज म्हणून नाही पाठवलं मी. तिने तुला लिहिलं, मला नाही. माझ्या पोटात दुखलं. एवढंच कारण."

यायराने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "कागद देताना तुम्ही वर बघितलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमच्यासारखं व्हायचं म्हणून मी या कामात आले. तुमच्याशीच भांडले असते तर मग कुणाकडे बघून काम केलं असतं?"

"आदेश रद्द करते. चल परत."

यायराने पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडे पाहिलं. "नाही यायचं, मॅडम. यांना आता कुठे स्वतःचं नाव लिहिता येतंय. मध्येच उठून गेले तर तुमच्यात नि माझ्यात काय फरक राहिला?" तिचा आवाज चढला नव्हता. "जेवून घ्या. दिवसभर उपाशी असाल."

दोघी जेवल्या. यायराने आग्रह करून वाढलं, पण नेहमीसारखी गप्पा मारत बसली नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी अकोर्फाने पेटी उघडण्याआधी आग्बेकोपेच्या बायकांना सगळं सांगितलं. उत्तरेतली गरज, दुसरा तयार असलेला माणूस, उघडलेलं पाकीट. सांगताना ती उभी होती, आणि बायका बसलेल्या.

मग आफी म्हणाली, "तुझ्यासाठी मी या सगळ्यांशी भांडले."

अठरा वर्षांत कुणी तिला तू म्हटलं नव्हतं.

"हो," अकोर्फा म्हणाली.

"चार ओळींचं पत्र. तेवढ्यासाठी तू आमची पोर घालवलीस."

"हो."

आफीने डोक्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि ती बाहेर पडली. तिच्यामागून एकेक करत बाकीच्याही गेल्या. कुणी दार आपटलं नाही.

पुढच्या शनिवारी व्हॅनचा ड्रायव्हर कोसी म्हणाला, "मॅडम, आज जायचं तरी कशाला? कोण येणारे?"

"आपण जायचं ठरलंय, तर जाऊ," अकोर्फा म्हणाली.

तिने खोली झाडली, खिडक्या उघडल्या, पुस्तकं मांडली. कुणी आलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी तिघी आल्या, मग पाच. आफी चौथ्या शनिवारी आली. कुणाकडे न बघता मागच्या बाकावर बसली आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागली. दुसऱ्याच ओळीत एका लांब शब्दाशी अडली. मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा अडली.

सवयीने अकोर्फा खुर्चीतून अर्धवट उठली. मग खाली बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तिने वाट पाहिली. आफी त्या शब्दाशी झगडत होती, ओठ पुटपुटत, बोट सरकवत. बऱ्याच वेळाने तो शब्द तिच्या तोंडून सबंध बाहेर पडला, आणि ती न थांबता पुढच्या ओळीवर गेली.