बुधवारचा डालमा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाकणच्या कंपनीत शटडाऊन असतो, म्हणून सुजितला सुट्टी. त्याच आठवड्यात हिंजवडीतली आयटीची पोरं आपापल्या गावी पळतात, म्हणून मारुंजीतली दिपालीची मेसही बंद. नवराबायकोला एकदम मोकळं व्हायचा योग वर्षातून हा एवढाच, आणि तोही दरवेळी बार्शीला दिराच्या घरी पाहुणचार झोडण्यात जायचा. यंदा दिपालीनं आधीच जाहीर करून टाकलं, बार्शी नाही, ओडिशा. तेही आपल्या गाडीनं, वाटेत मिळेल ते खात.

"तिथं आपलं कोण आहे?" सुजितनं विचारलं.

"सुब्रत आहे की. घरी या म्हणून किती दिवस मागं लागलाय."

सुब्रत म्हणजे तिच्या मेसचा जुनं गिऱ्हाईक. चार वर्षं दोन्ही वेळा तिच्याकडे जेवणारा. पण दिपाली काही त्याच्या प्रेमापोटी एवढी लांब निघाली नव्हती. तिला एक गोष्ट खात बसली होती.

तिच्या मेसमध्ये वारावारानं प्रांत बदलायचे. मंगळवारी आंध्रवाल्यांचा पप्पू म्हणजे घट्ट वरण, बुधवारी ओडियांचा भाज्या घातलेल्या डाळीचा डालमा, शुक्रवारी बिहारी पोरांचा वांग्याबटाट्याचा चोखा. सगळं मोबाईलवर बघून शिकलेलं. आता बार्शीची बाई मोबाईलवरचं जसंच्या तसं करील तर शपथ! कुठलाही प्रांत असो, पातेल्यात शेवटी चमचाभर काळं तिखट आणि सुपारीएवढा गूळ पडायचाच. त्याशिवाय पदार्थ झाला असं तिला वाटायचंच नाही. पोरं ओरपायची आणि म्हणायची, "आंटी, बिलकुल घर जैसा." एवढ्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं पहाटे उठून कणीक मळत आली होती. नवरा कधी चांगलं म्हणायचा नाही, मुलगी ऋचा बाहेरचं मागवायची, ते सगळं चालायचं. हे वाक्य मात्र खरं असायला हवं होतं.

आणि दिवाळीनंतर कटकचा एक नवा पोरगा आला. बुधवारी पहिला घास घेऊन त्यानं साधेपणानं विचारलं, "आंटी, ये डालमा है?" बाकीच्यांनी त्याला कोपरानं ढोसलं. तो गप्प बसला, पण दिपालीनं ते ढोसणं बघितलं होतं. तेव्हापासून बाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खरा डालमा एकदा खाऊन बघायचा आणि सोक्षमोक्ष लावायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

वाटेत तिनं कुणाची गय केली नाही. हैदराबादच्या बिर्याणीला म्हणाली, तेल आहे, जीव नाही. विजयवाड्याला केळीच्या पानावर पप्पू आला, तो चाखून नाक मुरडलं.

"ह्यांनी घाईत केलाय. माझा मुरलेला असतो."

"अगं, पप्पू त्यांचा आहे," सुजित म्हणाला.

"असू दे की. त्यांचा असला म्हणून चांगला होतो का?"

राजमुंद्रीला ऋचानं मोठ्या हौसेनं पेसरट्टू मागवला. दिपालीनं तो उलटापालटा करून पाहिला. "हे तर मुगाचं धिरडं. आणि पोटात उप्पीट भरलंय. उद्योग नाही लोकांना." ऋचानं कपाळावर हात मारला. असं हसतखिदळत चाललं होतं खरं, पण ओडिशाची हद्द लागली तशी दिपालीची बडबड कमी झाली. खुर्द्याला सुब्रतच्या दारात गाडी थांबली, तेव्हा ती सगळ्यात शेवटी उतरली.

सुब्रतची आई दिपालीच्याच वयाची. बाईला ओडियाखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, त्यामुळे सुब्रतची धाकटी बहीण हिंदीत सांगायला मध्ये बसली. काशाच्या ताटांत भात आला, परतलेली पालेभाजी आली आणि वाडग्यात डालमा. डाळीत कच्ची पपई, वांगं, भोपळा, वर तुपाची फोडणी, खवलेलं खोबरं आणि भाजलेल्या जिऱ्यामिरचीची पूड. कांदा नाही, लसूण नाही.

दिपालीनं घास घेतला आणि तिला कळायचं ते कळलं. तिच्या बुधवारच्या पातेल्याचं आणि ह्या वाडग्याचं लांबचंसुद्धा नातं नव्हतं. म्हणजे पोरं इतकी वर्षं तोंडावर खोटं बोलत होती. तिला रडूच आलं होतं, पण परक्याच्या ताटावर रडायचं कसं? आणि खरं सांगायचं तर तो डालमा तिला फारसा आवडलाही नाही. गूळ हवा होता.

तेवढ्यात सुब्रतची आई मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी जरा अडखळली, मग तिनं सांगितलं, "माँ म्हणतेय, दादा घरी आला की दोन घास खाऊन उठतो. म्हणतो, आंटीच्या डालम्याची चव नाही ह्याला. तुम्ही आलाच आहात, तर एकदा करून दाखवा. ती शिकून घेईल."

सुब्रत लाजून हसला. "सच में, आंटी. मी आईला कधीपासून सांगतोय."

म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. दिपालीच्या जिवात जीव आला. हे तर घरच्यासारखं म्हणण्याच्याही वरचं झालं. काळ्या तिखटाचा डबा गाडीत होताच, आणि बायकोचा चेहरा उजळलेला बघून सुजित किल्ली घेऊन उठलासुद्धा. "आणू का गं?"

दिपाली हो म्हणणार, एवढ्यात तिची नजर त्या बाईकडे गेली. बाई कुणाकडेच बघत नव्हती. पदराला हात पुसत होती, कोरडे झाले तरी पुसतच होती. पोरानं ताट तसंच टाकून उठायचं आणि आपण ते उचलून मोरीत न्यायचं, हे तिनं किती वेळा केलं असेल कोण जाणे. वर ती परक्या बाईला म्हणत होती, मला शिकव. दिपालीनं ऋचाकडे बघितलं. पुढच्या वर्षी ऋचा बंगळूरला शिकायला जाणार होती.

"अहो, बसा खाली," ती सुजितला म्हणाली. मग मुलीकडे वळली. "आईला सांग, मला डालमा येत नाही."

"आंटी, मजाक मत करो," सुब्रत म्हणाला.

"मजाक नाही रे. मी करते ती आमची आमटी. तुम्ही पोरं घरापासून लांब, भुकेली. गरम मिळालं की तुम्हाला काहीही गोड लागायचं. डालमा मी आज पहिल्यांदा खाल्ला. त्यांना सांग, फार चांगला झालाय. मला अजून वाढा म्हणावं."

मुलीनं सांगितलं. बाई उठली, दिपालीच्या वाडग्यात पळीभर डालमा वाढला आणि तीच पळी घेऊन मुलापाशी गेली. सुब्रतनं नको म्हणायला ताटावर हात आडवा धरला आणि आंटीकडे बघितलं. दिपाली खाली मान घालून भराभरा खात होती, बघायलाच तयार नव्हती. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली. मग हात बाजूला घेतला आणि आईला वाढू दिलं.