वत्सलाबाईंचा फोटो

देवरामने पिशवी काउंटरवर ठेवली, तिच्यातली नागलीच्या पिठाची पुरचुंडी इब्राहिमभाईंकडे सरकवली आणि म्हणाला, “बाई गेली, भाई. तिचा फोटू न्यायला आलो.”

इब्राहिमभाई उभे होते ते खाली बसले. चार दिवस ताप होता, देवराम सांगत होता. पेठच्या दवाखान्यात नेलं, तिथून नाशकाला न्या म्हणाले, पण गाडी येईपर्यंत ती थांबली नाही. आज पाचवा दिवस. बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे, म्हणून सकाळच्या एसटीने तो निघून आला होता. हे सगळं तो शांतपणे सांगत होता, कारण ज्या कामाला आलो ते काम झालेलं आहे याची त्याला खात्री होती. महिन्यापूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत भाईंनी तिचा फोटो काढला होता.

आणि तो फोटो नाही, हे इब्राहिमभाईंना तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

नाशकात दूधबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. पुढचा भाग आता त्यांच्या मुलीचा, उजमाचा. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, सगळं कॉम्प्युटरवर. घर त्यावरच चालायचं. मागची अंधारी खोली तेवढी भाईंची राहिली होती. तिथे ते अजून स्वतः रोल धुवायचे, कागदावर फोटो उतरवायचे. डिजिटलचा त्यांना राग नव्हता. पण ते म्हणायचे, रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, म्हणून माणूस नीट बघतो. स्क्रीनवर लगेच दिसायला लागलं की समोरचा माणूस राहतो बाजूला.

तीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या ग्रुपफोटोसाठी ते पेठकडच्या देवरामच्या पाड्यावर गेले होते, आणि मग दर वर्षी भातकापणी उरकली की जातच राहिले. एका वर्षी फोटो काढायचे, दुसऱ्या वर्षी नेऊन द्यायचे. पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक भिंतीवर त्यांनी काढलेला कुणी ना कुणी टांगलेला होता. देवरामच्या घरात देवराम होता, त्याचे दोन्ही मुलगे होते, मेलेला बैलसुद्धा होता. फक्त त्याच्या बायकोचा, वत्सलाबाईंचा, फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की त्या पाण्याला जायच्या, सरपणाला जायच्या, नाहीतर नुसत्याच आत जाऊन बसायच्या. माझं काय काढता, म्हणायच्या.

यंदा मात्र त्या आपणहून बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, धुवट निळं लुगडं नेसलेलं. दारातल्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “काढ आता. सगळ्यांचं झालं.”

उजमा त्या दिवशी बरोबर होती. वडिलांचे हात अलीकडे थरथरायला लागले होते, म्हणून तीच गाडी चालवायची. तिने मोबाइल काढला होता. “अब्बा, एक इसपे भी ले लूँ?” तिने विचारलं होतं.

“बाजू हो जा,” भाई म्हणाले होते. “साया गिर रहा है.”

तिची सावली खरंच पडत होती. पण फक्त तेवढंच नव्हतं. तीस वर्षांनी ती बाई समोर बसली होती, आणि तिची नजर दोन कॅमेऱ्यांत वाटलेली त्यांना नको होती. उजमा बाजूला झाली. भाईंनी एकच फोटो काढला.

रोल धुताना ज्या औषधात चित्र उमटतं, त्याची पूड आता सहज मिळत नाही. मुंबईच्या ज्या दुकानातून ते आणायचे ते बंद झालं होतं. एका जुन्या फोटोग्राफरच्या घरच्यांनी त्याच्यामागे उरलेली पाकिटं भाईंना देऊन टाकली होती. त्यातलं एक त्यांनी फोडलं. पूड थोडी तपकिरी दिसली. एरवी ते रोलच्या टोकाचा तुकडा आधी औषधात बुडवून बघायचे. दोन मिनिटांत काळा झाला तर औषध जिवंत. त्या दिवशी नाही बघितलं. पाकीट बंद होतं, हात सरावाचे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना वत्सलाबाईंना बघायची घाई झाली होती.

शेवटच्या पाण्यातून रोल वर काढला तेव्हा तो काचेसारखा स्वच्छ होता. कडेला कंपनीचे आकडे औषधाने उमटतात, तेही नव्हते. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता, औषधाचा होता. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही, उजमालाही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ, पुन्हा बसवू, असं मनाशी ठरवलं. पुढच्या आठवड्यात उजमाला लग्नाचं काम होतं. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात.

“देवराम,” ते म्हणाले, “फोटो खराब झाला.”

“थोडा खराब असंल तरी चालंल.”

“थोडा नाही. काहीच नाही त्यावर.”

देवरामला कळेना. मशीनमधून तर आवाज आला होता. तिने मागाहून विचारलंही होतं, मी हलले तर नाही ना म्हणून. भाईंनी त्याला समजावून सांगितलं. खोटं बोलता आलं असतं. कॅमेरा बिघडला म्हटलं असतं तरी देवरामने मानलं असतं. पण त्यांनी सगळं होतं तसं सांगितलं. फोटो काढला तेव्हा ती रोलवर आलेली असते. दिसत नाही, पण असते. पहिलं औषध तिला वर आणतं, दुसरं औषध नको असलेलं धुऊन काढतं. पहिलं औषध मेलेलं होतं.

देवराम काउंटरवर पुढे वाकला. “म्हंजी ती आली व्हती?”

“आली होती.”

“मंग?”

“मी धुऊन टाकली,” इब्राहिमभाई म्हणाले.

कॉम्प्युटरपाशी बसलेल्या उजमाचा हात थांबला. तिलाही ते आत्ताच कळत होतं. तिने देवरामला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, आधार कार्डावर असेल ना. देवरामने खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. नखाएवढा चेहरा, डोळे भेदरलेले, ओठ घट्ट मिटलेले. उजमाने तो मोठा करून स्क्रीनवर दाखवला. मोठा केला तशी ती बाई आणखीच अनोळखी होत गेली.

“ही नाय,” देवराम म्हणाला. “अशी कवा दिसली ती?” त्याच्या नातीच्या, रोशनीच्या मोबाइलमध्येही होती म्हणे. दोनदा. एकदा पाठमोरी, एकदा तोंडापुढे हात धरलेली.

मग त्या तिघांनी दुपारपर्यंत जुनी निगेटिव्ह धुंडाळली. तीस वर्षांचा पाडा पाकिटांतून बाहेर आला. उजमा एकेक पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवायची, भाई भिंगातून बघायचे आणि मग भिंग देवरामला द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे, पांढरं धोतर काळं. तरी देवराम माणसं बरोबर ओळखत होता. हा माझा चुलता. ही चिमणाबाई, ही पण गेली. एका पट्टीवर नागली झोडपताना चार बाया होत्या आणि डाव्या कडेला कुणाचा तरी कोपर आणि पदराचा काठ आला होता. देवरामने भिंग हलवलं नाही.

“ही तीच,” तो म्हणाला. “हे बांगडीच्या वरचं कापलेलं, इळ्यानं.”

कोपरापासून मनगटापर्यंत. तेवढीच सापडली.

उजमाने तो तुकडा मोठा करून देऊ का विचारलं. देवरामने नको म्हणून मान हलवली. पाटावर हात कसा ठेवायचा, असं तो म्हणाला; रागाने नव्हे, खरंच विचारल्यासारखं.

भाई त्याला एसटीपर्यंत सोडायला गेले. वाटेत देवरामने एकदाच विचारलं, “तुमी बघितली व्हती ना त्या मशीनच्या भिंगातून. कशी दिसत व्हती?”

भाईंनी सांगायला सुरुवात केली. उजेड डावीकडून होता, सकाळी साडेनऊचा. मागे कुडाची भिंत, तिच्यावर दोन सुपं. उजवा हात गुडघ्यावर होता. मग ते थांबले. पायरीची चीर त्यांना आठवत होती, कॅमेऱ्यावर लावलेले आकडे आठवत होते. चेहरा आठवत नव्हता. तो फोटोत येणारच होता, म्हणून त्यांनी तो स्वतःजवळ ठेवलाच नव्हता.

“चांगली दिसत होती,” ते म्हणाले.

देवरामने मान डोलावली आणि तो गाडीत चढला.

बाराव्याला भाई उजमाबरोबर पाड्यावर गेले. कॅमेरा घेतला नाही. उजमाने दोनदा विचारलं, तरी नाही घेतला. तिथे गेल्यावर कुणी त्यांना दोष देईल, निदान तोंड फिरवेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाटावर निळं लुगडं घडी करून ठेवलं होतं, त्याच्यापुढे दिवा. माणसं येत होती, लुगड्याला हात जोडत होती. भाईंनाही कुणीतरी चटई टाकून दिली, चहा आणून दिला. देवराम शेजारी येऊन बसला आणि यंदाच्या भाताचं बोलत राहिला.

जेवणं झाल्यावर वत्सलाबाईंची थोरली बहीण, सखुबाई, काठी टेकत त्यांच्यासमोर आली. ऐंशीच्या पुढची असेल. डोळ्यांना बेताचंच दिसायचं. पायरी चाचपून ती खाली बसली, त्याच पायरीवर. पदर सारखा केला, उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, “माझा काढ, भाई.”

“आजी, कॅमेरा नाही आणला मी.”

“मंग कवा आणशील?”

घरी कॅमेरा होता, औषधांची तीच उरलेली पाकिटं होती, आणि थरथरणारे हात होते. सखुबाई उत्तराची वाट बघत होती.

“उजमा काढेल,” ते म्हणाले. “मोबाइलवर. आत्ता लगेच दिसेल.”

“काढा कशावरबी,” सखुबाई म्हणाली आणि श्वास रोखून बसली. तीस वर्षांपूर्वी भाईंनीच पाड्यावरच्या सगळ्यांना तसं बसायला शिकवलं होतं.

उजमा तिच्यासमोर उकिडवी बसली. आजी, इकडे बघा, ती म्हणाली. तिने एक फोटो काढला, मग दुसरा, मग बाजूला सरकून तिसरा. इकडे, आजी, इकडे, असं ती हळू आवाजात सांगत राहिली.

तीनही फोटो चांगले आले आहेत. चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसते. फक्त तिन्हींमध्ये सखुबाईंची नजर कडेला आहे, जिथे चटईवर इब्राहिमभाई रिकाम्या हातांनी बसले होते.