पडद्यापलीकडचा मामा

"आजी, गॅस पास झाला का?"

डॉक्टर सेमिसींचा आवाज मुळातच मोठा. बेटावरच्या त्या छोट्या इस्पितळात बायकांचा आणि पुरुषांचा वॉर्ड एकच, मध्ये फक्त पडदा. लुसेआनेआजींनी चादर नाकापर्यंत ओढली आणि छताकडे पाहत राहिल्या.

डॉक्टर नर्स फिफिताला बाजूला घेऊन म्हणाले, "कालपर्यंत माझी थट्टा करत होत्या, आज तोंड उघडत नाहीत. आतडी सुरू झाली नसतील तर उद्याच्या विमानानं राजधानीला पाठवावं लागेल."

फिफितानं कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारी आजींच्या नातवाचा पहिला वाढदिवस. मेजवानीची डुकरं ठरलेली, अहेराच्या चटया विणून झालेल्या. पोटाच्या ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा आजींनी एकच गोष्ट विचारली होती, "शनिवारी घरी जाईन ना?"

पडद्यापलीकडे वेगळीच तऱ्हा. काल संध्याकाळी पाय मोडून आलेला मोसेसे भिंतीकडे तोंड करून पडला होता. फिफितानं लघवीचं भांडं पुढे केलं की नकारार्थी मान हलवायचा.

"अहो, माणूस आहात की नारळ? किती वेळ भरून ठेवणार?"

मोसेसे कानापर्यंत लाल झाला.

दुपारी आजींची मुलगी आनासेइनी आली. आईचे पाय चेपले, मग पडदा सारून सरळ मोसेसेच्या ताटातलं सगळ्यात मोठं केळं उचललं आणि सोलून खाऊ लागली. मोसेसेनं हसून उरलेलं ताटही तिच्याकडे सरकवलं.

फिफिताचा हात औषधाच्या ट्रेवरच थांबला. बेटावर न विचारता पुरुषाच्या ताटात हात घालायचा हक्क फक्त बहिणीच्या लेकराचा.

"हे तुझे मामा?"

"आईच्या मावशीचा मुलगा. म्हणजे मामाच की."

फिफितानं कपाळावर हात मारला. बेटाच्या रीतीनं भावा-बहिणीनं, मावस का असेनात, एका खोलीत राहायचं नाही आणि शरीराच्या गोष्टी एकमेकांच्या कानावर पडू द्यायच्या नाहीत. भरती करताना तिनं आडनावं पाहिली होती, ती वेगळी निघाली, म्हणून ती निश्चिंत राहिली. आणि स्वतः मात्र वयात आल्यापासून भावाबरोबर एका खोलीत बसून सिनेमाही पाहिला नव्हता.

मोसेसेची खाट ढकलत व्हरांड्यात न्यायला घेतली. ती दारातून पुरती बाहेरही गेली नव्हती, तोच तो कळवळून म्हणाला, "बाई, ते भांडं जरा लवकर."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खजील झाले. "माझ्या बहिणीच्या कानावर जाईल असं मला कुणी विचारलं असतं, तर मी समुद्रात उडी घेतली असती." मग त्यांनी स्टूल ओढलं, आजींच्या उशाशी बसले आणि हळूच विचारलं.

"काल दुपारीच झाला, बाळा. पण सांगेपर्यंत मोसेसे आला. तेव्हापासून जीव मुठीत धरून पडलेय." आजींनी दाराकडे पाहिलं. "दुसरा आत्ता झाला. खाट बाहेर गेली तेव्हा. चाकांचा आवाज होता, म्हणून बरं."

डॉक्टरांना हसू आवरेना. आजींनीही टाके दाबून धरत हसून घेतलं आणि संध्याकाळी वाटीभर सूप प्यायलं.

शनिवारी त्या पोटाशी उशी धरून ट्रकमधून घरी गेल्या. दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात आनासेइनी हजर, हातात आईनं भावासाठी पाठवलेलं झाकलेलं ताट. तिनं ते मोसेसेपुढे ठेवलं, झाकण काढलं, आणि भाजलेल्या डुकराची सगळ्यात कुरकुरीत कातडी स्वतःच्या तोंडात टाकली.

"मीठ बघत होते, मामा," ती म्हणाली.

"बघ, अजून बघ," मोसेसे म्हणाला आणि ताट तिच्या बाजूला फिरवलं.