साडेपाचचं जेवण

आत्यांच्या पदराला लावलेला तो माईक — काळा, शेंगदाण्याएवढा, वर लोकरीचं इवलंसं टोपडं — त्या श्वास घेतील तसा वरखाली होत होता, आणि रेश्मा ओट्याशी उभी राहून मेथी निवडता निवडता त्याच्याकडेच बघत होती. एवढ्याशा वस्तूला सगळं ऐकू जातं म्हणे. "काकू, भांड्यांचा आवाज नको हं, सगळं येतं यात," असं जुईलीने बजावलं म्हणून तिने घासायची भांडी तशीच ठेवून मेथीची जुडी पुढ्यात ओढली होती. मेथीला आवाज नसतो. पानं पातेल्यात, देठं ताटलीत...

"आजी, संध्याकाळी किती वाजता जेवता?"

"साडेपाचाला. दिस मावळायच्या आत."

"रोज?"

"रोज. मला लवकरच लागतं जेवाया."

रेश्माचा हात थांबला.

जुईली त्यांच्याच माडीवरच्या खोलीत राहायची. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं झाली तशी गावात घरोघरी भाड्याच्या खोल्या निघाल्या, रेश्माच्या नवऱ्याने, शंभूनेही जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, वर चार खोल्या काढल्या, आणि खाली रेश्माने मेस सुरू केली — संध्याकाळी अठरा ताटं. अकोल्याची ही पोरगी गेली दोन वर्षं त्या अठरातलीच एक. आहारशास्त्र शिकत होती. ऐंशीच्या पुढची आणि अजून हिंडती-फिरती असलेली माणसं काय खातात, कधी खातात, कधी झोपतात, असा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. आणि त्यासाठी गोजराबाईंसारखं माणूस तिला घरबसल्या मिळालं होतं. रेश्माच्या सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, वय अठ्ठ्याऐंशी. साखर नाही, रक्तदाब नाही, मोतीबिंदू काढला तेवढाच काय तो दवाखाना.

"लवकर जेवायची सवय लहानपणापासूनची का, आजी?"

माईक एकदा वर गेला, खाली आला.

"न्हाई. सात वरसं झाली."

सात वर्षं. मेसलाही सातच. आता ही विचारेल, सात वर्षांपूर्वी काय झालं म्हणून, आणि त्या एवढ्याशा काळ्या दाण्यातून ते सगळं कॉलेजात जाईल... पण जुईलीने मान डोलावत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न काढला. चहा? कोरा, बिनसाखरेचा. भाजी? पालेभाजी, देठांसकट. "देठांसकट!" जुईली हरखलीच, "काकू, ऐकलं का? सगळं फायबर त्यातच असतं." रेश्माने ताटलीतल्या देठांकडे पाहिलं. पानं पोरांसाठी, देठं घरात. आणि घरात म्हणजे कोणासाठी, हे कधी कोणी बोलून दाखवलं नव्हतं. कोऱ्या चहाचंही तसंच. सकाळचं दूध पोरांच्या चहाला पुरवायचं म्हणून एकदा आत्यांच्या कपात दूध पडलं नाही, दुसऱ्या दिवशी पडलं नाही, तिसऱ्या दिवशी त्यांनीच म्हटलं, मला कोराच बरा.

"आणि जेवल्यावर?"

"जाती की चालत पुलापातूर. सावकाश येती. मग आठाला पडती मागल्या खोलीत."

"शतपावली," जुईली लिहिता लिहिता म्हणाली, "आणि आठला झोप. पर्फेक्ट."

त्या वेळी पुढच्या खोलीत पोरं जेवत असतात, बसायला कोपरासुद्धा उरत नाही, म्हणून म्हातारी बाहेर जाते — हे इतकं साधं आहे की कोणालाही दिसेल, असं रेश्माला वाटत होतं. इतकी वर्षं वाटत होतं. अठरा पोरं येत होती, जेवत होती, कोणाला दिसलं नाही. आणि ज्या पोरीला हेच शिकवतात तिला दिसली ती शतपावली.

"शेवटचं, आजी. पोट भरेपर्यंत जेवता की थोडी भूक ठेवून उठता?"

रेश्माने नळ सोडला. उगाच. जुईलीने हात वर करून खूण केली तसा बंद केला.

"एक भाकरी," आत्या म्हणाल्या. "एक खाल्ली की पुरे म्हनायचं."

...ते शब्द माझे नव्हते, रेश्माच्या मनात आलं. पुरे हा शब्द मी नव्हता दिला. पण दुसरा दिला होता, मीच.

मेस सुरू झाली त्या हिवाळ्यात आत्या पोरांतच बसायच्या. गाव कुठलं, आईबाप काय करतात, असं एकेकाला विचारायच्या, मधेच खोकायच्या. एकदा एका पोराने आपलं ताट जरा पलीकडे सरकवलं. एवढंच. पण नवीन मेस, पोरं टिकतील की जातील ही धाकधूक, आणि रेश्माने दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं — आत्या, उद्यापासनं तुमी आधी जेवून घेत जावा, गर्दी असती. आत्या बरं म्हणाल्या. त्यानंतर आठवडाही झाला नसेल. साडेपाचची वेळ, तव्यावर चपात्या, दुरडीत चपात्या, घामाने डोळे चुरचुरणारे. आत्यांनी ताटातली नाचणीची भाकरी संपवली आणि हात पुढे केला. आणि रेश्मा मागे न बघताच म्हणाली होती —

"आनखी? बसूनच तर असताय दिसभर."

शंभू तिथेच चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही, नुसता कप गोल गोल हलवत राहिला. आत्यांचा पुढे आलेला हात तसाच परत गेला. त्यांनी तो पदराला पुसला, त्याला काही लागलेलं नसताना. त्या दिवसापासून एक भाकरी झाली की त्या आपणहून म्हणतात, पुरे; आणि रेश्माने तो शब्द रोज ऐकला आहे, सात वर्षं, आणि रोज तो ऐकताना हातात दुसरं काहीतरी काम घेतलं आहे.

"काकू!" जुईली माईक काढून डबीत ठेवत होती. "शुक्रवारी हॉलमध्ये हा व्हिडिओ दाखवणार आहोत. आजींना न्यायचंय. आणि तुम्हालापण स्टेजवर यायचंय हं. मॅडम म्हणाल्या, हे सगळं रुटीन सांभाळणाऱ्या सूनबाईंचापण सत्कार करू या."

"मला कशाला?" एवढंच रेश्माच्या तोंडून आलं.

दुपार त्यातच गेली. डाळ धुतली, पनीर कापलं, कणीक मळली, आणि प्रत्येक कामात तो शब्द मधे येत राहिला, सत्कार. शाल, नारळ, टाळ्या... आणि शेजारच्या खुर्चीत आत्या, हात मांडीवर ठेवून. दोन महिन्यांपूर्वी पौडच्या डॉक्टरने तिच्या स्वतःच्या रक्तात साखर सांगितली होती, एकोणपन्नासाव्या वर्षी. उशिरा जेवू नका, हलकं खा, पालेभाज्या वाढवा, चहातली साखर बंद, जेवल्यावर चालत जा. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तो कागद वाचताना ती मधेच थबकली होती, ओळखीचं अक्षर दिसावं तशी. हे तर आत्यांचं ताट. जे त्यांच्यावर मी ढकललं, तेच मला औषध म्हणून लिहून दिलंय... कागद तिने पिठाच्या डब्यामागे सारला, शंभूलाही दाखवला नाही. आणि आजही ती सगळं आवरल्यावर उभ्याउभ्या खाते, उरलेला भात, उरलेलं पनीर, दोन्ही हातांनी पातेलं खरवडत. कोणी बघत नसतं तेव्हा.

चारला ती माडीवर गेली. जुईली कानाला वायर लावून सकाळचंच ऐकत होती. रेश्मा दारातच उभी राहिली.

"ते खोटं हाय," ती म्हणाली.

"काय, काकू?"

"आत्यांना लवकर लागत न्हाई जेवाया. मी बसवलं त्यांना आधी. पोरांत नको म्हनून. आन ती एक भाकरी..." तिने सगळं सांगितलं, हात पुढे आलेला सांगितला, आपण काय बोललो तेही शब्दाला शब्द सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, ही पोरगी आता उठेल, काहीतरी टोचून बोलेल, निदान तोंड तरी फिरवेल. सात वर्षं कोणीतरी तोंड फिरवायला हवं होतं.

जुईली लाल झाली. वायर बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली.

"काकू... असं का बोलता? कारण काही का असेना, त्यांची तब्येत बघा ना. तुम्ही नकळत चांगलंच केलंत." मग खालच्या आवाजात, "आणि हे ना, प्रोजेक्टमध्ये बसत नाही. म्हणजे, डेटा तोच राहतो."

रेश्मा जिना उतरू लागली. चांगलंच केलंत. आपण एका म्हाताऱ्या माणसाला भाकरी नाकारली आणि ती भाकरी पोटात न गेल्यामुळे त्या जगल्या, असा हिशेब कुठेतरी लागू शकतो, हे तिला कळत होतं, पटतही असेल. पण मग आपल्या आत सात वर्षं जे साचलंय ते कुठे नेऊन ठेवायचं? शास्त्रात त्याला जागा नाही, गावात ठाऊक नाही, आणि ज्यांचं आहे त्यांना आपण कधी विचारलं नाही.

साडेपाचला आत्या नेहमीच्या जागी येऊन बसल्या. रेश्माने आज ताटात मेथीच्या पानांची भाजी वाढली, दोन भाकऱ्या ठेवल्या, वर तूप सोडलं. आत्यांनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जेवू लागल्या. सावकाश, एकेक घास बराच वेळ चावत. एक भाकरी संपली. दुसरीला त्यांनी बोटाने बाजूला सारलं.

"घ्या की, आत्या."

"न्हाई जात गं आता." रुसवा नव्हता त्यात, काहीच नव्हतं. "मागं जायची. आता पोटाला जागाच न्हाई."

रेश्माने ती भाकरी उचलून परत दुरडीत ठेवली. आणि मग ज्यासाठी दिवसभर शब्द जुळवत होती ते सगळं विसरून तिने भलतंच विचारलं.

"सकाळी तिला खरं का न्हाई सांगितलं?"

"काय खरं?"

"तुमाला ठावं हाय."

आत्यांनी तांब्या उचलला, ताटाबाहेर न सांडता हात धुतले, पदराला पुसले. दाराबाहेर मुळशीच्या डोंगरावर ऊन अजून होतं.

"ती पोर खान्यापिन्याचं इचारत व्हती," त्या म्हणाल्या. "मानसांचं कुटं इचारलं तिनं?"

आणि उठल्या. काठी घेतली, चपला पायात सरकवल्या, रोजच्या वेळेला रोजच्यासारख्या पुलाकडे निघाल्या.

रेश्मा जमिनीवर बसली. दिवसभर ती भीत होती की हे कुणाला तरी कळेल. आणि आता तिला दिसत होतं की जिला कळायचं तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं, आणि ते कळतं आहे हे ठेवूनच ती या घरात रोज जेवत होती, रोज तिला नावाने हाक मारत होती. लपवायला काही उरलं नव्हतं. लाज कमी होईल असं वाटलं होतं... ती कमी झाली नव्हती, नुसती आवाज न करता शेजारी येऊन बसली होती, घरातल्या माणसासारखी. शुक्रवारी त्या हॉलमध्ये आपण जाऊ की नाही, गेलो तर तोंड उघडू की शाल पांघरून गप्प बसू, तिला माहीत नव्हतं. बाहेर पोरांच्या गाड्या लागायला अजून थोडा वेळ होता. चुलीवरच्या डाळीला उकळी फुटली, झाकण थडथडू लागलं; आणि सात वर्षांत पहिल्यांदा ती हातात काही काम न घेता, तशीच, रिकाम्या हातांनी बसून राहिली.