डावखुऱ्या रायफलचे म्हणणे

मी एक जुनी रायफल आहे, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. मित्रांनो, दचकून मागे सरकू नका. आजवर मी चिमणीसुद्धा मारलेली नाही. पन्नास मीटरवरचा कागद, एवढीच माझी शिकार.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा घडवला आणि गोळी भरायच्या बोल्टची मूठ डावीकडे बसवली, कारण मी डावखुऱ्यांसाठी होते. एका नेमबाजाने मला नाशिकला आणले. पुढे त्याने खेळ सोडला आणि मी नाथाशेठच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात येऊन पडले. गिऱ्हाईक यायचे, मला खांद्याला लावायचे आणि "ही तर उलटी आहे" म्हणून परत ठेवायचे. पाच वर्षे मी हेच ऐकले. उलटी म्हणे! मी जशी असायला हवी तशीच होते.

१९९९ साली तेजस्विनी आली. ती पंचवटीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि तिला स्वतःला नेमबाजीत उतरायचे होते. सोबत तिचे वडील गेणू आबा होते, देवळ्याकडचे कांदा पिकवणारे. नाथाशेठने आधी छर्ऱ्यांची एअर रायफल पुढे केली. "हिला लायसन लागत नाही, ताई. हल्ली नियम फार कडक झालेत. कशाला त्या भानगडीत पडता?"

तिने ती बाजूला सारली आणि कपाटाकडे डावा हात केला. मला खांद्याला लावून तिने दस्त्यावर गाल टेकवला. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून तिने किती मार खाल्ला होता, हे आबांनीच तिथे हसत हसत सांगितले. ती हसली नाही.

"हीच," ती म्हणाली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पण परवान्याशिवाय नाथाशेठ मला देणार कसे? परवान्याच्या अर्जात बंदूक कशासाठी हवी, ते लिहावे लागते. आमच्याकडे शेती असलेला माणूस तिथे डोळे झाकून 'पीकसंरक्षण' लिहितो. आबांच्या बंदुकीच्या परवान्यावरही तेच होते. कचेरीतला कारकूनही तेच सुचवू लागला. "घरी शेती आहे ना? मग पीकसंरक्षण लिहा, लवकर होईल. खेळ लिहिलंत तर क्लबचं पत्र, संघटनेचं पत्र, चौकशी. वर्ष जाईल."

"पाखरं कांदा खात नाहीत, साहेब," तेजस्विनी म्हणाली आणि तिने 'खेळ' असे लिहिले.

आबा भडकले. "तेवढं लिवलं असतं तर काय हात झडला असता का तुझा?"

सोळा महिने लागले. चौकशीला आलेल्या हवालदाराने शेजारच्या सुमनबाईंना विचारले, बाईमाणसाला रायफल कशाला हवी? "कागदाला भोकं पाडायला," तेजस्विनीनेच दारातून उत्तर दिले. दर महिन्याला ती दुकानात येऊन मला पाहून जायची. नाथाशेठने माझ्या गळ्यात तिच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवली होती.

मग माझे खरे आयुष्य सुरू झाले. तिने मला कधी भिंतीवर मिरवले नाही. चुलतभावाच्या वरातीत हवेत एक बार काढ म्हणून नातेवाईक हटून बसले, तेव्हा ती तडक घरी निघून आली. सराव संपला की नळीतून चिंधी फिरे, अंगावरून तेलाचा हात फिरे आणि मग लोखंडी कपाटाला कुलूप लागे. त्या कुलपाचा मला कधी राग आला नाही.

२००४ साली निवडणूक आली आणि हुकूम निघाला, परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा. तिकडे आबांची बंदूक जमा झाली, इकडे मी. राज्याच्या संघाची निवड बारा दिवसांवर होती. क्लबातल्या बाकीच्या रायफली उजव्या हाताच्या होत्या. तेजस्विनीने एक घेऊन पाहिली, पण नेम जमेना. मी नसले तर तिची निवड हुकणार हे उघड होते.

ठाण्याच्या कोठीत ओल होती. माझ्या नळीवर गंजाचे ठिपके आले आणि मी पहिल्यांदा घाबरले. तेजस्विनी मात्र अर्ज घेऊन रोज येत होती. शेवटी साहेबांनी तिचा परवाना उघडला आणि एका शब्दावर बोट ठेवले. "पीकसंरक्षण असतं तर मी हातच लावला नसता. खेळाडूंना सूट मागता येते. सूट देणाऱ्या समितीपुढे तुमचा अर्ज ठेवतो."

निवडीच्या दोन दिवस आधी मी सुटले. तिने मला घासून पुसून लखलखीत केले. निवडीच्या दिवशी पहिल्या दहा गोळ्या जरा खाली गेल्या, कारण कोठीत माझी नेमपट्टी हलली होती. तिने ती शांतपणे जुळवून घेतली. पुढच्या पन्नास गोळ्यांत आम्ही दोघींनी जीव ओतला. चौघींची निवड झाली, त्यात ती चौथी.

मागे बसलेले आबा उठून आले. "तेजू, बरं झालं माझं ऐकलं नाय," ते म्हणाले. "माझी बंदूक अजून ठाण्यातच हाय."

मित्रांनो, नियम कडक असू द्या. माझ्यासारखीला कुलपातच ठेवायला हवे, हे मी स्वतः सांगते. चौकशी करा, चार वेळा विचारा, पण खरे सांगणाऱ्याचे ऐकूनही घ्या. आणि मला उलटी म्हणू नका. कुलूप खुशाल लावा, फक्त त्याआधी तेलाचा एक हात फिरवा.