नाकावरची जागा

गादीवाल्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं आणि ते निघेना.

आधी सगळे हसले, कारण ते स्वतःच आतून हसत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, हेल्मेट कानांपाशी अडकलं, आणि आतून येणाऱ्या आवाजातलं हसू संपलं. त्यांचे व्याही फोन उंच धरून चित्रण करत होते. त्यांनी तो हळूच खाली घेतला. ज्याचं ते हेल्मेट होतं तो ड्रायव्हर पाहुण्यांकडे पाठ करून खिडकीशी उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

त्याची थोरली बहीण पुढे झाली.

"मान खाली घ्या, साहेब. हे पट्टे दोन्ही बाजूंना ओढून धरा. आता श्वास सोडा."

हेल्मेट निघालं. आतून लाल कान आणि कपाळाला चिकटलेले केस बाहेर आले.

"लहान डोक्याचं दिसतंय," गादीवाले म्हणाले.

व्याही मोठ्याने हसले. ताईही हसली. तिचं हसणं करारात लिहिलेलं नव्हतं, पण ते धरलेलंच होतं.

शर्यतीच्या गाड्या पेट्रोलवर पळतात अशी लोकांची समजूत असते. त्या पळतात स्टिकरवर. बक्षिसांतून जे मिळतं त्यात संघाच्या टायरचासुद्धा खर्च भागत नाही. म्हणून गाडीचं अंग विकायचं. नाक, कुशी, मागचा पंख, आरशांची पाठ. गाडी संपली की ड्रायव्हरची छाती, त्याची टोपी, त्याच्या हातातली पाण्याची बाटली. टीव्हीवर जे जास्त दिसतं ते महाग. हे विकायचं काम ताई करत होती, आणि गॅरेजमधली माणसं तिला पाठीमागे स्टिकरबाई म्हणत. तिच्या भावाला तीच माणसं सूनबाई म्हणत.

त्यालाही कारण होतं. संघाकडे दोन गाड्या होत्या. पहिलीच्या ड्रायव्हरला संघ पगार देई. दुसरीत बसायचं तर ड्रायव्हरनेच प्रायोजक घेऊन यायचं. माहेरून भरपूर येतंय तोवर नांदायचं, यायचं थांबलं की घरचा रस्ता. टायर बदलणारी माणसं सकाळी एकमेकांना विचारत, सूनबाई उठल्या का? भावाने हे एकदा ऐकलं होतं आणि त्यानंतर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे.

गादीवाले मिळेपर्यंत ताईने पुष्कळ उंबरे झिजवले होते. फरशा बनवणाऱ्याला चाकं दिसत नसलेली गाडी हवी होती, म्हणजे फरशी उठून दिसेल. वजन घटवायची पावडर विकणारा स्वतः दारातून आडवा झाल्याशिवाय आत येऊ शकला नव्हता. प्रत्येकाला गाडी समजावून सांगता सांगता तिच्या मनातून तो तो माणूस उतरत गेला होता. शेवटी गादीवाल्यांनी नाकच विकत घेतलं. त्यामुळे त्या वर्षभर जगातल्या अतिशय वेगवान म्हणवणाऱ्या एका गाडीच्या नाकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: निवांत झोपा.

समालोचकांना विनोदाची आयतीच सोय झाली होती. गादीवाल्यांना मात्र त्यात विनोद दिसत नसे. नाकाच्या बदल्यात त्यांना शर्यतीचे पास, काचेच्या खोलीतलं जेवण आणि हवे तेवढे फोटो मिळत. शिवाय ड्रायव्हरने वर्षातून काही वेळा त्यांच्या दुकानात जायचं, तिथे रेसिंगचा पोशाख अंगात, टोपी डोक्यावर, दुकानाच्या मधोमध गादीवर आडवं पडायचं आणि डोळे मिटायचे. पहिल्या वेळी घरी आल्यावर भावाने जेवणाचं ताट सरकवून दिलं आणि आईला म्हणाला, ताईने मला विकलं. आईने ताईकडे पाहिलं होतं. ताईने ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं होतं.

तिला त्याची कीव येत नसे. ज्याच्या जिवावर उड्या मारायच्या त्यालाच पाहून नाक मुरडायचं, ही त्याची जुनी खोड. आजही हेल्मेटचा प्रकार झाल्यावर तो तिला बोळात गाठून म्हणाला होता की हा बैल पुन्हा माझ्या सामानाला शिवता कामा नये. ती म्हणाली, बैल खूश राहिला नाही तर तुला नांगराला जुंपतील. तो तिथून निघून गेला.

खरी काळजी तिला मालकांची होती. संघाचे मालक मऊ आवाजाचे होते आणि सगळ्यांना 'आपण एकच कुटुंब' असं सांगत. पुढच्या मोसमाचे करार ठरायची वेळ आली होती. तिने सकाळी विषय काढला, तर त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि शर्यत तर होऊ दे म्हणाले. असं थोपटलेली बरीच माणसं तिने पाहिली होती. त्यांतलं कुणी आता कुटुंबात नव्हतं.

शर्यत तिने पाहुण्यांच्या खोलीतल्या पडद्यावर पाहिली. गादीवाल्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच विचारलं की आपली गाडी कुठली, आणि तिने नेहमीप्रमाणे दाखवली. भावाची सुरुवात बरी झाली. मग जे होत आलं होतं तेच झालं. प्रत्येक अवघड वळणाआधी तो किंचित लवकर ब्रेक दाबत होता. लहानपणी छोट्या गाड्यांच्या मैदानावर ती कुंपणाला धरून उभी राहायची, तेव्हाही तो असाच दाबायचा. तो भित्रा नव्हता. वळण समोर आलं की तो विचार करायचा. जिंकणारे तो विचार आदल्या दिवशीच संपवून येतात. हे तिला किती वर्षांपासून ठाऊक होतं ते ती स्वतःलाही सांगत नसे. कुणी विचारलंच तर दोष द्यायला तिच्याकडे इंजिन होतं, टायर होते, हवा होती.

पुढे पुढे आघाडीच्या गाड्या त्याला एक फेरी मागे टाकून ओलांडू लागल्या. त्यांच्यावरचा कॅमेरा दर वेळी त्याच्या गाडीवरूनही फिरे आणि नाकावरची झोप पडदाभर दिसे.

"परत दाखवली," गादीवाले व्याह्यांना कोपर मारून म्हणत.

पहिल्या गाडीचा ड्रायव्हर तिसरा आला. खोलीत टाळ्या झाल्या, गादीवाल्यांनीही वाजवल्या. भाऊ कितवा आला ते कुणी विचारलं नाही.

मग ताईने पाहिलं की मालक गादीवाल्यांना हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेले आहेत. मालकांच्या हातातल्या पडद्यावर गाडीचं चित्र होतं. एक नव्हे, दोन्ही गाड्यांचं, आणि दोन्ही नाकांवर तेच शब्द. ती पाण्याची एक बाटली उगाच एका टेबलावरून दुसऱ्यावर ठेवत राहिली. तिला सगळं समजलं. गादीवाले आजवर भावाचे प्रायोजक होते. तो असेल तर ते. मालक आता त्यांना संघाचे प्रायोजक करून घेत होते. तसं झालं की भावाची खुर्ची मोकळी, आणि मोकळी खुर्ची पुन्हा विकता येते. सिमेंटच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा गेले काही आठवडे गॅरेजमध्ये घिरट्या घालत होता. त्याचा बाप सगळ्यांशी फार अदबीने वागत होता.

थोड्या वेळाने व्याही गाडीशेजारी फोटो काढायला गेले आणि गादीवाले एकटेच बाहेर आले. ताई ट्रकांच्या मागे, जिथे वापरलेले टायर रचून ठेवतात, तिथे उभी होती. त्यांनी तिला शोधलंच असावं.

"तुमचे मालक म्हणतात, माझं नाव दोन्ही गाड्यांवर टाकतील. पैसे तेवढेच. फक्त मी तुमच्या भावाचा आग्रह धरायचा नाही."

"त्यांना त्याची जागा दुसऱ्याला द्यायची आहे," ताई म्हणाली. "दुसऱ्याकडूनही पैसे घेऊन."

"म्हणजे म्हैस एक आणि गिऱ्हाइकं दोन."

"तसंच."

गादीवाले हसले. एका टायरवर त्यांनी रुमाल अंथरला, पण बसले नाहीत.

"सकाळी हेल्मेट अडकलं तेव्हा तुमचा भाऊ खिडकीकडे तोंड करून हसत होता. काचेत दिसत होतं."

ती माफी मागू लागली. माफीची वाक्यं तिच्या तोंडात तयारच असत. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मग ते बरंच बोलले, आणि कापूस कसा निवडायचा ते सांगावं तितक्या शांतपणे बोलले. गाड्यांमधलं आपल्याला काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढे कोण आणि मागे कोण हे अजून समजत नाही. स्टिकर पाहून एकही गादी जास्त खपलेली नाही, हेही त्यांना माहीत होतं. मुलीच्या लग्नात ह्याच व्याह्यांनी त्यांना गादीवाला म्हणून मागच्या रांगेत बसवलं होतं. आज व्याह्यांच्या गळ्यातल्या पासवर गादीवाल्यांचं नाव होतं.

"ज्यांना मी डोळ्यांसमोर नको असतो, ते माझ्यासाठी खुर्ची ओढतात. मी ते बघायला येतो, मॅडम. तुम्ही फार छान ओढता."

वर्षभर ताईने ह्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. ते सगळं त्याला ऐकू येत होतं आणि तो त्याचेच पैसे देत होता.

"आता एक विचारतो," ते म्हणाले. "विकताना सांगता ते नको. तुमचा भाऊ कधी जिंकेल?"

ह्या प्रश्नाला तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती. दोन ट्रकांमधल्या फटीतून भाऊ दिसत होता. कुणा बातमीदाराला तो हातवारे करून टायरांचा दोष समजावून देत होता, आणि टोपीवरचं नाव दिसावं म्हणून मान नीट कॅमेऱ्याकडे ठेवत होता. ते तिनेच त्याला शिकवलं होतं. 'पुढच्या वर्षी' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बहीण म्हणून तेच म्हणायचं होतं. पण तिला अचानक सगळ्यांचा वीट आला, मालकांचा, गादीवाल्यांचा, त्या हलणाऱ्या हातांचा आणि स्वतःच्या गोड आवाजाचा.

"नाही जिंकणार," ती म्हणाली.

"कधीच?"

"कधीच. वाईट नाही चालवत. पण जिंकणारे वेगळे असतात."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, संपलं. सख्ख्या भावाच्या पोटावर आपणच पाय दिला. आणि लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं.

गादीवाल्यांनी रुमाल उचलला, झटकला, घडी घातली.

"मग राहू दे त्याला," ते म्हणाले.

आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं.

"जिंकायला लागला असता तर मोठे आले असते. बँकवाले, विमानवाले. मग नाकावर ते, आणि मला दारात कोण ओळखणार? हा कुठे जातोय? दरवर्षी माझ्याच गादीवर झोपेल." त्यांनी रुमाल खिशात घातला. "मालकांना सांगतो, तो असेल तर नाक, नाहीतर काही नाही. पुढच्या महिन्यात नवीन दुकान उघडतोय. पाठवा त्याला. टोपी विसरू नका म्हणावं."

व्याह्यांनी हाक मारली तसे ते गेले. चालताना त्यांनी पोट आत ओढून घेतलं होतं.

संध्याकाळी मालक ताईपाशी आले. त्यांचा चेहरा आंबट होता, आवाज मऊच होता. शेवटी कुटुंब म्हणजे कुटुंब, असं म्हणून त्यांनी पुन्हा खांद्यावर थोपटलं. सिमेंटवाल्याचा मुलगा आणि त्याचा बाप कुणाचाही निरोप न घेता निघून गेले.

भाऊ ट्रकच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. सिमेंटवाल्याबद्दल त्यानेही ऐकलं असावं, कारण ताई आली तरी त्याने मान वर केली नाही. जागा राहिली, असं तिने सांगितलं. त्याचे हात नाडीवर तसेच थांबले.

"कशी?"

"गादीवाले अडून बसले. तूच हवा म्हणाले. मला तुझ्याबद्दल विचारत होते."

"काय सांगितलंस?"

"खरं ते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी नवी सायकल दारात दिसल्यावर झाला होता तसा त्याचा चेहरा झाला, आणि मग तो एकदम फिरवून त्याने बाहीने डोळे पुसले.

"मी त्या माणसाला बैल म्हणत होतो," तो म्हणाला. "इतक्या जणांत मी काय आहे ते त्याला एकट्याला कळलं."

"हो," ताई म्हणाली. "त्याला कळलंय."

तो आईला फोन लावू लागला. ताई त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. पुढचं वर्ष आपलंच आहे, तू बघच, असं तो सांगत होता. पलीकडून आई काहीतरी म्हणाली तसा त्याने फोन ताईपुढे धरला. तिने नुसतीच मान हलवून नको म्हटलं, आणि वाकून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागली.